सकाळी या

जाहिरातीत लिहिलं होतं: सकाळी या, नऊच्या आत.
बाकीचं सगळं खरं होतं.
रंग लाल, आधीचे मालक दोन,
मागचे दरवाजे उलटे उघडतात,
तेल पिते.
हेही लिहिलं, कारण ते जगजाहीर आहे.
रोटरी इंजिनवाला तेलाचा डबा सीटमागे बाळगतो,
दमेकरी खिशात पंप बाळगतो तसा.

लिहिलं नव्हतं ते एवढंच
की गार असताना ती एका हाकेला ओ देते,
पण तापल्यावर बंद केली
आणि पुन्हा किल्ली फिरवली
की नुसती कण्हते.

मर्वनने मला विकली तीही सकाळीच.
क्राइस्टचर्च, जुलैचा कडाका,
काचेवरचा बर्फ जुन्या बँक कार्डाने खरवडत
"बघ, या थंडीतसुद्धा!" म्हणाला,
आणि मी बघितलं.
दुपारी अ‍ॅशबर्टनच्या पेट्रोल पंपावर
दोन तास उभा होतो बॉनेट उघडं टाकून.
मेंढ्यांचे ट्रक जात होते.
मर्वन एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.
त्याने फक्त वेळ निवडली होती.

तीन वर्षं मी ती उतारावर लावली.
ओआमारूत उतार कुठे कुठे आहेत
ते मला विचारा.
दातांचा डॉक्टर बदलला,
जुन्याचा दवाखाना सपाटीवर होता.
कोलीनशी वाजलं की बाहेर पडायचो,
पण बंद करायची सोय नाही, म्हणजे थांबायचीही नाही,
मोएराकीपर्यंत समुद्र डाव्या हाताला,
परत येताना उजव्या,
तेवढ्यात राग जिरला तर जिरला.
कधी काटा आठ हजारांपलीकडे जायचा
आणि ती असा काही सूर लावायची
की मी मर्वनलासुद्धा माफ करायचो,
पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत.

मरामा आली ब्लफहून, बसने.
पन्नाशीची. कालवं सोलते तिथल्या शेडमध्ये,
बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा.
किल्ली फिरवली. एका हाकेला ओ.
अर्धा तास फिरवून आणली, बंद केली.
मी म्हटलं, "मग, कागद करू या?"
"आधी चहा," ती म्हणाली.

दहा मिनिटं.
कपाच्या काठावरून ती गाडीकडे बघत होती,
दुधावर नजर ठेवावी तशी.
मी हवामानाबद्दल बोललो.
मग कॉलवांच्या हंगामाबद्दल विचारलं
आणि उत्तर ऐकलं नाही.
ती उठली. "आता."

स्टार्टर फिरला, फिरला,
कण्हत राहिला.
कोलीन कप विसळायला आत गेली,
तीन कप, बराच वेळ नळ वाहत होता.

"माझ्याकडे होती एक," मरामा म्हणाली. "निळी.
मी दुपारी दाखवायचे. कुणी घेतली नाही.
शेवटी भंगारात दिली."
मग म्हणाली, "सहा हजार."
"नऊ लिहिलेत मी."
"नऊ सकाळचे."

मी विचारलं, माहीत असून का घेता?
तिने खांदे उडवले.
"माझ्या घरापुढे उतार आहे."

आम्ही तिघांनी ढकलली.
म्हणजे आम्ही दोघांनी, ती आत होती.
खालच्या वळणावर इंजिनाने धरलं,
तो सूर चढत गेला,
आणि कोलीन म्हणाली, "गेली बाई,"
कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

गॅरेजमध्ये आलो तर
तेलाचा डबा फडताळावर तसाच.
तो घेऊन धावत सुटलो, गुडघे दुखेपर्यंत,
हात हलवत, नाव घेऊन ओरडत,
ती थांबू शकत नाही
हे सगळ्या गावात
मलाच पक्कं ठाऊक असून.